वरचं एक फूल

"चार जोड्या," म्हातारी स्टोयाना सुनेला म्हणाली, "आणि वर एकही नको."

नेदाचा हात कीबोर्डवरच थबकला. डॅन्यूबकाठच्या सिलिस्त्रात फुलं जोड्यांनी मोजतात. जिवंत माणसासाठी असली, तर जोड्यांवर एक फूल जास्त; मेलेल्याला नुसत्या जोड्या. गेल्या साली नेदाची मोजणी चुकली आणि नगराध्यक्षांच्या सासूबाईंना वाढदिवसाला बारा कार्नेशन गेली. बाईंनी ती मोजली, हात छातीवर जुळवले आणि पाद्र्याची वाट बघत तीन दिवस पलंगावर निजून राहिल्या. नेदा तेरावं फूल घेऊन धावली, तेव्हा कुठे उठून बसल्या आणि कोंबडीचं सूप मागितलं. खोटं वाटत असेल, तर सूप वाढणारीला विचारा.

त्यानंतर नेदाच्या फुलांच्या दुकानात संगणक आला. समोरच्या ग्रोझ्दान मास्तरांनी तक्ता मांडून दिला. "आधी बरोबरचं चिन्ह. मग जोड्यांचा चौकोन, गुणिले दोन, अधिक एक. मेलेल्याच्या ओळीत तेवढं 'अधिक एक' खोडायचं. एवढं जमलं ना बाई, तर चाळीस वर्षं शिकवल्याचं सार्थक झालं म्हणेन."

नेदाच्या नवऱ्याची, मेतोदीची ओळ जिवंतांत होती. अकरा वर्षांपूर्वी तो मालाची बोट घेऊन डॅन्यूबवरच्या धुक्यात शिरला. ते धुकं अजून विरलं नव्हतं. निदान नेदाच्या खिडकीपुरतं तरी नाही. त्याच्या दर वाढदिवसाला ती नऊ फुलं नदीत सोडायची. ती फुलं प्रवाहाच्या उलट जातात, असं गाव म्हणे. नेदाने कधी नाही म्हटलं नाही.

आज तोच दिवस. फुलं कापून तयार होती.

"आई, मशीन नऊ म्हणतंय."

"मशीनच्या पोटात त्याने लाथा मारल्या होत्या का? माझ्या मारल्या होत्या." स्टोयाना स्टुलावर टेकली. "अकरा वर्षं मला त्याच्या नावाने मृतांची मेणबत्ती लावू दिली नाहीस. माझ्या पोराला अजून किती अंधारात ठेवणार आहेस, नेदा?"

खिडकीबाहेर एखादी बोट सरकत होती की धुकंच सरकत होतं, कळेना. नेदाने चौकोन उघडला. आधी 'एक' खोडला. 'अधिक' एकटंच लोंबकळत राहिलं. मग तेही खोडलं. नऊचे आठ झाले. आवाजसुद्धा झाला नाही.

तिने आठ फुलं काळ्या रिबिनीने बांधली. म्हातारीने ती दोनदा मोजली. मग टेबलावर उरलेलं नववं उचललं, देठ दातांनी तोडला आणि फूल नेदाच्या कोटाच्या काजात खोचलं.

"गारठा आहे. वरचं बटण लाव," म्हणाली, आणि आठ फुलं छातीशी धरून नदीकडे निघाली.

ती धुक्यात दिसेनाशी झाल्यावर नेदाने जिवंतांच्या यादीत एक नवी ओळ घेतली. नावाच्या जागी स्वतःचं नाव घातलं. जोड्या: शून्य. मास्तरांचं सूत्र, 'अधिक एक'सकट, वरच्या ओळीतून खाली ओढलं.

चौकोन क्षणभर रिकामा दिसला. मग त्यात १ उमटला.