खाडीची गाळणी

मी गाळणी बोलतेय. चहाची नव्हे, पनवेलच्या खाडीची. माशांची अंडी आणि डोळ्यांना धड न दिसणारी पिल्लं पाण्यातून गाळून घेणं, हे माझं काम.

माझा जन्म १९९२ सालचा, प्रभाकर टेलरच्या मशीनवर, शाळेच्या गणवेशांच्या ढिगाऱ्यात. मलमलीहून बारीक विणीचं नायलॉन, तोंडाशी लोखंडी कडं, शेपटाशी बाटली. प्रभाकरने मला उलटसुलट पाहिलं आणि एवढी लांब कुंची कोणाच्या बाळाला, असं विचारलं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या रेवा मॅडम हसून म्हणाल्या, हजारो बाळांना. तेव्हापासून मी जरा भावच खात असे.

मला पाण्यातून ओढायची ती काशिरामची होडी. काशिराम खाडीवरचा जुना कोळी. दोर तोच धरी, मला वर तोच घेई, बाटली सोडवून मॅडमच्या हातात तोच देई. मॅडमचं लक्ष घड्याळात आणि वहीत. शिकलेली माणसं कागदावर फार विश्वास ठेवतात, हे मी तिथेच शिकले.

त्या वर्षी काम साधं नव्हतं. खाडीच्या तोंडाशी भराव टाकायचा घाट घातला होता, आणि तिथे मासळीची पैदास होते का, याचा अहवाल मॅडमकडे मागितला होता. होत नसेल तर मातीचे ट्रक येणार. काशिरामचं घर त्याच पाण्यावर चालत होतं.

पहिल्याच फेरीत मी कालवांच्या खडकाला अडकून टर्रकन फाटले. काशिरामने मला घरी नेलं. त्याच्या बायकोने, शांतीने, मला इतकं सुबक विणून दिलं की मीही खूश झाले. पुढच्या तीन फेऱ्यांत मात्र बाटलीत नुसता गाळ आणि एखाददुसरा चुकार जवळा. अंडी माझ्या कुशीतून सुळकन निसटत होती. मला कळत होतं, पण सांगणार कशी? लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी मॅडम काशिरामच्या दारी आल्या. परवा अहवाल द्यायचाय, खाडीत पिल्लं नाहीत असंच लिहावं लागेल, असं त्यांनी जड मनाने सांगितलं. काशिराम चक्रावला. अंड्यांच्या गाभोळीने भरलेला जिताडा मासा गेल्याच आठवड्यात त्याच्या जाळ्यात आला होता.

शांती मात्र शांतपणे मासळी साफ करत होती. "पिल्लं कशी गावतील मॅडम? त्यांना जावाला वाट ठेवलीय ना मी. बारकं धरायचं नाय, ह्यो आमचा नेम हाय."

मॅडमनी मला पहिल्यांदाच उलटून पाहिलं. शांतीच्या विणीतून त्यांचं बोट आरपार गेलं. त्या डोक्याला हात लावून मटकन खाली बसल्या आणि मग हसतच सुटल्या. प्रभाकरने तासाभरात माझ्याच कापडाचं ठिगळ लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळची भरती साधून आम्ही निघालो.

या खेपेला बाटली नुसती वळवळत होती. मॅडमनी काशिरामला भिंगातून एक थेंब दाखवला. पिल्लू केसाएवढं, पण डोळे दोन ठसठशीत. त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. मॅडमनी नमुना टिकवायचं औषध काढलं, तेव्हा त्याने विचारलं, "ह्यात टाकून मरतील ना?"

मॅडम म्हणाल्या, "हो. त्याशिवाय मोजता येत नाहीत."

"खाडी जिती हाय ह्ये सांगाया किती मारावी लागतील?"

मॅडमचा हात थांबला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्यांनी बाटली हलवून मोजून चार चमचे पाणी वेगळं काढलं. तेवढ्याने हिशेब लागत होता. उरलेली बाटली त्यांनी काशिरामच्या हातात दिली. त्याने होडीवरून वाकून ती हलक्या हाताने खाडीत ओतली.

अहवाल गेला. भराव तिथे पडला नाही.

आता मी कॉलेजच्या कपाटात असते. कडं गंजलंय, अंगावर नंबराची चिठ्ठी आहे. मुलांनो, कधी मला बाहेर काढलंत तर जरूर ओढा, मी अजून घट्ट आहे. फक्त मोजण्यापुरतीच पिल्लं ठेवून घ्या. बाकीची काशिरामकडे द्या. कुठे ओतायची, ते त्याला ठाऊक आहे.