इंचभर माया

मित्रांनो, मी एक जुनी फोटो फ्रेम आहे. आठ बाय दहा इंचांची, सागवानी, एका कोपऱ्यात जराशी उकललेली. माझ्यात मिरवण्यासारखं फार काही नाही, हे मलाही कळतं. पण मध्यंतरी माझा जीव असा टांगणीला लागला होता म्हणून सांगू! तो कसा भांड्यात पडला, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

एका सुतारानं दाराच्या उरलेल्या लाकडातून मला बनवलं. तिथून मी आले ती शिवणकामाच्या खोलीत. दोन बहिणींनी मिळून ते दुकान काढलं होतं. थोरलीनं आपलं मशीन दिलं, धाकटीनं कात्री धरली. पहिल्या दिवशी दोघींचा फोटो निघाला. धाकटी मशीनवर बसलेली, आणि थोरली अगदी कडेला उभी, एक हात मशीनच्या चाकावर.

फोटो निघाला माझ्यापेक्षा मोठा. धाकटीनं काय करावं? कापड बेततात तसा तो पालथा घातला, पाठीवर खडूनं रेघ मारली आणि कात्री चालवली. कपड्याला शिवणीसाठी कडेनं इंचभर जास्त कापड सोडतात, त्याला शिवणारे लोक ‘माया’ म्हणतात. फोटोलाही असेलच की, असं तिनं धरलं. अहो, फोटोला कुठली आलीय माया! सुलटा केला तेव्हा थोरली कापली गेली होती. माझ्यात उरला फक्त तिचा हात.

“स्टुडिओवाल्यानं घोळ केला गं, ताई,” असं धाकटीनं बहिणीला सांगितलं. मला खरं माहीत होतं, पण मला विचारतो कोण?

पुढे बरीच वर्षं मी भिंतीवर होते. गिऱ्हाइकं म्हणायची, “फ्रेम छान आहे हो!” आणि लगेच विचारायची, “पण हा हात कोणाचा?” धाकटी आता सगळ्यांची ‘बाई’ झाली होती; बाई “ताईचा” एवढंच बोलून मशीनवर मान खाली घालायच्या. एके दिवशी खिळा निखळला आणि माझी रवानगी बटणांच्या डब्यांमागे झाली. तिथे मी किती वर्षं धूळ खाल्ली, विचारू नका.

मग ताई आपल्या गावाहून आठवडाभर राहायला आल्या. त्यानंतर त्या लेकाकडे कायमच्या जायच्या होत्या, खूप लांब. बाईंच्या मुलीनं शेजारणीकडून मोबाइलवर सगळ्यांचा फोटो काढून घेतला.

“मावशी, मध्ये ये ना!”

“असू दे गं. मला आपली कडच बरी.”

बाईंनी मला शोधून काढलं, फडक्यानं पुसलं आणि मुलीच्या लॅपटॉपशेजारी ठेवलं. “हिच्यात बसेल असा मागव. ताई जायच्या आत यायला हवा.”

मुलीनं माप निवडलं, आठ बाय दहा. फोटो होता लांबट. त्याच्यावर एक चौकोन आला आणि चौकोनाबाहेरचं सगळं फिकट झालं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘फोटोचा काही भाग कापला जाईल.’ ते वाचतंय कोण! तिचं बोट बटणाकडे निघालं. मला दिसत होतं, कडेच्या ताई फिकट झाल्या होत्या. चौकोनात उरला होता भाचीच्या खांद्यावरचा त्यांचा हात. पुन्हा हातच! मला रडू फुटायचं बाकी होतं.

“थांब!” बाई ओरडल्या. “माया किती सोडलीस?”

“आई, फोटो आहे हा, ब्लाउज नाही.”

“म्हणूनच विचारतेय. तुझी मावशी कुठाय?”

मुलीनं जीभ चावली. तिनं चौकोन ताईंकडे सरकवला, तर दुसऱ्या टोकाचे जावई अर्धे झाले. मग तिनं ‘पूर्ण फोटो बसवा’ निवडलं. सगळे आत आले, वर-खाली पांढऱ्या पट्ट्या उरल्या.

“आणि बाजूंना?” बाईंनी माझ्या कडेला टेप लावली. “हिच्या कडेखाली पाव इंच दबतं. ताईचा कान जाईल.”

शेवटी चारी बाजूंना पांढरी किनार निवडली.

“फोटो लहान दिसेल हं, आई.”

“दिसू दे. माणसं तर पुरी दिसतील!”

पार्सल आलं ते ताईंच्या निघायच्या आदल्या दिवशी. बाईंनी फोटो माझ्यात बसवला. जुनाही मागे तसाच राहू दिला. ताई चष्म्यापासून चपलांपर्यंत पुऱ्या होत्या. हुश्श! चाळीस वर्षांचं ओझं उतरलं बघा.

ताई बघतच राहिल्या. बाईंना राहवेना. “ताई, तो पहिला फोटो... स्टुडिओवाल्याची चूक नव्हती. कात्री माझीच होती.”

“वेडे,” ताई हसल्या, “तुझा काप मला ओळखू येत नाही होय?”

बाई बहिणीच्या गळ्यात पडून रडल्या, आणि रडता रडता हसायलाही लागल्या. दुसऱ्या दिवशी ताईंनी मला साड्यांच्या घडीत गुंडाळून बरोबर आणलं.

तेव्हा मित्रांनो, फोटो मागवाल तेव्हा बटण दाबण्याआधी चारी कडा नीट बघा. तिथे तुमचंच कोणीतरी उभं असतं. त्यांच्यासाठी इंचभर माया सोडा.

ताईंच्या नव्या खोलीत आता मी पलंगासमोर आहे. येणारा-जाणारा इथेही थांबून विचारतो, “ह्या कडेच्या कोण हो?”

“मी,” ताई म्हणतात, “मीच ती.”