दगडाची शेवटची ओळ

आपल्या गणतीनं ते इसवी सन सातशे अकरा. माया मुलुखात वीस वर्षांचं पर्व त्या साली संपत होतं, आणि पर्व संपलं की शहरानं दगड उभा करून त्यावर सरलेल्या वर्षांचं जग कोरायचं. नदीकाठच्या त्या चिमुकल्या शहरानं कोरण्याजोगं पुष्कळ भोगलं होतं. दुष्काळ पडला, मिठाच्या नावा आल्याच नाहीत, वरच्या अंगाचं एक शहर जळालं आणि लढाईत त्यांचा स्वतःचा राजा पडला. म्हाताऱ्या पाथरवट सुत्समामानं हे सगळं चुनखडीवर कोरलं होतं. हा दगड कुणाच्या सत्तेनं उभा राहिला, एवढी शेवटची ओळ बाकी होती.

पडलेल्या राजाची थोरली बहीण इश याशुन हिला त्याच ओळीचा घोर लागला होता. लढाई जिंकणाऱ्या शहराचा दूत मुवान आदल्या दिवसापासून ठाण मांडून बसला होता. "ओळीत आमच्या राजाचं नाव घाला, नाहीतर दगड आडवा पाडतो," असं त्यानं बजावलं होतं. एकदा ते नाव कोरलं की शहर कायमचं परक्याचं. उद्याची पोरं दगड वाचणार आणि तेच खरं मानणार.

सकाळी मुवाननं पानातला फिका मका बघून नाक मुरडलं.

"हे काय, आजाऱ्याचं पथ्य?"

"उपास आहे. दगडासाठी सगळं शहर मीठ-मिरचीवाचून राहिलंय," याशुन म्हणाली. "तुम्हीही धरा."

"हरलेल्यांनी धरावा! मिरची आणा, टर्कीचं कालवण आणा."

एकदा सांगून झालं होतं. पाहुण्याला दोनदा कोण शिकवणार? याशुननं मिरची वाढायला लावली.

दुपारी चौकात माणूस मावेना. "कोर रे म्हाताऱ्या!" मुवान ओरडला.

"कोरतो की," मामा छिन्नी पुसत म्हणाला. "पण ज्याचं नाव, त्याचं रक्त आधी दगडापुढं. कुठायत तुमचे राजे?"

"त्यांच्या जागी मी आहे ना!"

"मग काढा जीभ, काट्यांची दोरी ओढून रक्त द्या. आणि सकाळी काय हाणलंत तेही देवाला सांगा."

चौकात खसखस पिकली. मुवानचा चेहरा उतरला. उपास मोडलेल्याचं रक्त सांडलं, तर देवाचा कोप नाव कोरलेल्याच्या डोक्यावर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. विजयाच्या धुंदीत तो दगडाचा मान विसरला होता.

"उद्या उपास धरतो," तो पुटपुटला.

"पर्व आज मावळतीला संपतंय. ते तुमच्यासाठी थांबायचं नाही," मामा म्हणाला.

"मग ओळ कोरी राहू दे!"

"कोरी का म्हणून?" याशुन पुढं झाली.

तिच्या घराण्यात हे काम राजाचं. बाईनं ते कधी केलं नव्हतं. तिनं काटे ओवलेली दोरी उचलली आणि जिभेतून आरपार ओढली. परळातल्या सालीच्या कागदावर रक्त ठिबकलं. मामानं तो पेटवला आणि धूर दगडाच्या माथ्यावर गेला.

"नाव कुणाचं?" रीतीप्रमाणं मामानं विचारलं.

तिला बोलवेना, तोंड रक्तानं भरलेलं. गर्दीतली एक पाणी भरणारी बाई मोठ्यानं म्हणाली, "इश याशुन!" मग सगळा चौक तेच नाव घेऊ लागला. याशुनला रडू आलं, पण मान तिनं ताठच ठेवली.

"पाडा तो दगड!" मुवाननं आपल्या माणसांना फर्मावलं. एकही जागचा हलला नाही. "रक्त पडलंय, मालक. हात लावायचा तर तुम्ही लावा," त्यांतला एक म्हणाला.

मुवानचा हात काही उठला नाही. मामानं तिच्या नावाची पहिली रेघ मारली.

"आमच्या राजाला जाऊन काय सांगू मी?" मुवाननं विचारलं. आवाज पार बसला होता.

"सांगा की दगड उभा राहिला," मामा मागं न बघता म्हणाला. "नाव बघायचं असेल तर या म्हणावं आमच्या दारात, आणि मान वर करून वाचा."