कालची दुरुस्ती

“काल मी हे बदललं होतं. शपथेवर सांगते, बदललं होतं!”

ताई डोळे फाडफाडून स्क्रीनकडे बघत होत्या. इस्पितळाच्या प्रोग्रामात तान्ह्या बाळाचं वय ‘शून्य वर्षे’ असं दिसायचं. ते दिवसांत दिसावं म्हणून त्यांनी कोड दुरुस्त केला होता. परवा केला, काल पुन्हा केला. आज बघतात तर शून्य आपलं जागच्या जागी! आईचं विसरणं असंच तर सुरू झालं होतं. म्हणजे आता आपला नंबर? आणि हे कुणाला विचारायचीही चोरी.

शेवटी हिय्या करून त्या टीमच्या लीडबाईंकडे गेल्या. “बाई, मी केलेलं काम मलाच सापडत नाहीये. माझं डोकं ठिकाणावर आहे ना, तेवढं सांगा.”

लीडबाईंनी फाईल उघडली आणि कपाळावर हात मारला. “अहो ताई, ही फाईल माणसाने लिहिलेलीच नाही! नवं टूल रोज पहाटे सगळा कोड नव्याने लिहून काढतं. तुम्ही दुरुस्त करायचं, त्याने पुसायचं. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?”

“नाही हो!”

“मग प्लगिन लिहा. तुमचा नियम टूललाच जोडून द्यायचा, म्हणजे ते लिहितानाच बरोबर लिहील. त्यासाठी एक ओपन सोर्स पॅकेज आहे, फुकट. जोडणीचं सगळं त्यात तयार मिळतं.”

तयार कसलं डोंबल! दिवसभर ताईंची दाणादाण उडाली. आधी टूल त्यांचा नियम ओळखेचना. ओळखला, तर म्हाताऱ्या आजोबांचं वयही दिवसांत यायला लागलं. शेवटी तेही निस्तरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्ती शाबूत होती. ताईंना चक्क रडू फुटलं.

संध्याकाळी त्या घरी आल्या, तर दार सताड उघडं आणि आई उंबऱ्यात बावरून उभी.

“मी कडी लावली होती गं. कुणीतरी काढली.”

‘कुणी नाही, तूच विसरलीस,’ हे नेहमीचं वाक्य ताईंच्या ओठांवर आलं. पण आज ते बोलवेना.

“लावली होतीस आई. चल, पुन्हा लावू.”

आईने कडी सरकवली, ओढून पाहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, “तुला पटलं बघ. इथे रोज संध्याकाळी एक बाई येते ना, तिला माझं काही पटतच नाही.”