पपांचा सूचीग्रंथ

समुद्रापार काम करणारे मिशनरी मला पुस्तकांच्या याद्या पाठवतात. मी त्या रविवारी मंडळीत वाचून दाखवते आणि आमचे दाते घरची कपाटं उघडतात. चर्चच्या मागच्या खोलीत, रचून ठेवलेल्या खुर्च्यांशेजारी माझं टेबल आहे. मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची गाठ घालून देणं हे माझं काम. मनं फार मोठी आहेत हो आमच्या मंडळीची. संडे स्कूलच्या मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं मागितली, तर एका डॉक्टरांनी मूळव्याधीवरचं पुस्तक आणून दिलं. "चित्रं आहेत त्यात," म्हणाले.

एक मागणी मात्र दोन वर्षं माझ्या यादीवर तशीच पडून होती. दूरच्या एका बेटावर एक बाई अकरा गावांतल्या अकरा उपदेशकांना शिकवतात. शास्त्रातला कोणता शब्द कुठे कुठे आला आहे ते सांगणारा जाडजूड सूचीग्रंथ त्यांना हवा होता. तो छापणं केव्हाच बंद झालंय. मला माहीत असलेली एकच प्रत आमच्या घरात होती, माझ्या सासऱ्यांच्या मांडीवर. मांडीवर म्हणजे अगदी खरोखर.

पपा निवृत्त पाळक. आता त्यांच्या जागी माझा नवरा उपदेश करतो आणि पपा पहिल्या बाकावर तो ग्रंथ उघडून बसतात. समोर उपदेश चालू असतो आणि यांची पेन्सिल समासात चालू असते. नऊ वर्षांत त्यांनी मुलाला एकदाही "बरं बोललास" म्हटलेलं नाही. पन्नाशीला आलेला माणूस, पण उपासना संपली की अजून आशेनं बापाच्या तोंडाकडे बघतो. पपा छत्री शोधायला लागतात. मला दोघांचाही राग येतो, आणि नवऱ्याची कीवही येते.

"पपा, बेटावरच्या बाईंचं पत्र आलंय," मी एकदा जेवताना विषय काढला.

"ऐकू येत नाही."

"सूचीग्रंथ मागतायत."

"अजिबात ऐकू येत नाही."

चौथ्या बाकावर कोणी चुकीची ओळ म्हटली तर यांना बरोबर ऐकू येते. मीही हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं, तिसऱ्या दिवशी आणखी मोठ्यानं. 'माझी आठवण आता दगा देते. मी गेल्यावर या अकरा जणांनी कुणाला विचारायचं?' या वाक्याशी पपांचा चमचा थांबला.

"अकरा जण? आणि पडताळायला काहीच नाही? वाट्टेल ते सांगत सुटतील की!" त्यांनी ताट बाजूला सारलं. "घेऊन जा तो ग्रंथ."

पाठवायचं पुस्तक कोरं करून द्यायचं असा आमचा नियम आहे, आपल्या रेघोट्या आपणच खोडायच्या. इतकी पानं खोडत बसणं पपांना झेपणारं नव्हतं, म्हणून त्यांनी रबर माझ्या हातात ठेवलं.

"समास साफ कर. वाचायचं नाही."

दिवसभर पुस्तकांत बसणाऱ्या बाईला हे सांगायचं म्हणजे कमालच! मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. एका थोर पाहुण्या उपदेशकांबद्दल लिहिलं होतं, 'आवाज फार, मजकूर नाही.' दुसऱ्यांबद्दल, 'यांना कुणीतरी घड्याळ द्या.' नवऱ्याच्या वाट्याला तर पानंच्या पानं आली होती. 'उदाहरण भरकटलं.' 'हेच गेल्या वर्षीही सांगितलं होतं.' मी हसत होते आणि खोडत होते.

मग 'सांत्वन' हा शब्द असलेलं पान आलं. समासात पाच वर्षांपूर्वीची तारीख होती, सासूबाईंना माती दिली त्या दिवसाची. त्या दिवशी नवराच बोलला होता. खाली लिहिलं होतं, 'पोरानं आज मला उभं केलं. नाहीतर मी तिथंच बसून राहिलो असतो. त्याला सांगायचं.' त्याखाली पुढच्या रविवारची तारीख, आणि 'सांगायचं राहिलं.' त्याखाली आणखी एक तारीख, पुन्हा 'राहिलं.' अशा ओळी पानाच्या तळापर्यंत गेल्या होत्या. शेवटची गेल्याच महिन्यातली होती.

माझे डोळे भरून आले. आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्याला धरून गदागदा हलवावंसंही वाटलं.

मी तसाच ग्रंथ उचलला आणि त्यांच्यासमोर उघडून ठेवला. "इथवरचं सगळं खोडलंय. एवढं तुमचं तुम्ही खोडा, पण आधी सांगायचं राहिलेलं काम उरका."

"तुला वाचू नकोस म्हटलं होतं."

"ऐकू आलं नाही, पपा."

त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं आणि रबर उचललं. दोन मिनिटांचं काम होतं. एकदा खोडलं की ते कधीच बोलणार नाहीत आणि मीही चोरून वाचलेलं नवऱ्याला सांगू शकणार नाही, हे मला कळत होतं. रबर पानावर टेकलं, तिथंच राहिलं. मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

"अरे, जरा इकडे ये."

नवरा रविवारच्या उपदेशाचे कागद हातात घेऊनच आला. ग्रंथ उघडा बघून त्याचा चेहरा उतरला.

"काय चुकलं, पपा?"

"काही चुकलं नाही. तेच सांगायला बोलावलंय. बस."

तो बसला. पपा समासाकडे बघत, एकेक शब्द वाचल्यासारखे बोलले. "तुझ्या आईला माती दिली त्या दिवशी तू जे बोललास ना, त्यानं मी उभा राहिलो. नाहीतर घरी आलो नसतो."

नवऱ्याच्या हातातले कागद खाली पडले ते त्यानं उचललेही नाहीत.

"पपा," शेवटी तो म्हणाला, "पुन्हा एकदा सांगा ना."

"एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?" पपा करवादले. आणि मग त्यांनी ते पुन्हा सांगितलं, या वेळी त्याच्याकडे बघून.