डावा गाल

१९९७ साली शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी प्रभुलिंग अप्पा मुलीच्या लग्नाच्या मागे लागले, आणि मुलगी लाकूड कोरायच्या मागे लागली.

विद्याश्री चित्रकलेच्या कॉलेजात होती. तिथं तिला लाकडी ठशांनी छापलेल्या जपानी बायकांच्या चित्रांचं एक पुस्तक सापडलं. स्थळांना पाठवायला स्टुडिओत फोटो काढायचा ठरला, म्हणजे मागं धबधब्याचा पडदा, शेजारी प्लास्टिकची फुलं आणि मधे घाबरलेली मुलगी. तर ही म्हणाली, माझं चित्र मीच छापणार.

छापलं. बाई पाठमोरी, मान वळवून उजवा गाल तेवढा दाखवतेय. नाक एका रेघेत संपलेलं. साडी सपाट निळी, सावलीबिवली काही नाही. बाई कागदाच्या डाव्या कडेला, पदर चौकटीनं कापलेला, आणि उरलेला कागद कोरा.

कोरी जागा अप्पांना वाया गेलेली वाटली. आमच्या गावात दुकानाच्या पाटीवरसुद्धा दोन देव, वडील आणि फोन नंबर बसवल्याशिवाय रंगारी घरी जात नाही. तिथं उंची, शिक्षण आणि मामांचं गाव लिहावं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"ती जागा रिकामी न्हाय, अप्पा," विद्याश्री म्हणाली. "बाई तिकडं बघतीया. आणि जो दुसरा गाल दाखवा म्हणंल, त्याच्याशी मी लगीन करणार न्हाय."

एका ठशातून हव्या तितक्या प्रती निघतात हे कळल्यावर मात्र अप्पांना जपानी कला पटली. पाडव्याला गिऱ्हाइकांना कॅलेंडरं पाठवायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या उरल्याच होत्या. त्यांत चित्र आणि बायोडाटा घालून मुलगी चहूकडे रवाना झाली.

फोटो परत आला म्हणजे नकार, ही आपली रीत. चित्रं परत येऊ लागली. एकांनी डाव्या बाजूचा फोटो मागवला, निपाणीच्या डॉक्टरांनी डोळ्यांचा दाखला. दानम्मा, म्हणजे विद्याश्रीची आई, देवाजवळून उठेना.

अप्पांचं गिऱ्हाईक असलेल्या इचलकरंजीच्या संगमेशकडून तेवढं चित्र परत आलं नाही. होकारच समजून अप्पा निघाले. शेजारी म्हणून मलाही नेलं.

त्याच्या यंत्रमागांच्या शेडला लागून ऑफिस होतं. भिंतीवर विद्याश्री, आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिकटवलेला तारखांचा गठ्ठा. नळी खिडकीच्या फटीत, बायोडाटा अजून नळीच्याच पोटात.

"औंदा कॅलेंडर लई झ्याक काढलंसा, अप्पा," संगमेश म्हणाला. "तारखा तेवढ्या इसरला हुता. त्या म्या लावल्या."

अप्पा खिडकीतल्या नळीकडे बघू लागले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, तारखा इतक्या खाली का? वाकावं लागतं.

"वर लावल्या असत्या तर तिच्या नजरंच्या आड आल्या असत्या की."

घरी अप्पांनी हे सगळं अपमान म्हणून सांगितलं आणि नेमकं शेवटचं वाक्य गाळलं. ते मी सांगितलं.

"त्यानं दुसरा गाल मागितला?" विद्याश्रीनं विचारलं.

"कॅलेंडरचा गाल कोण मागतंय?" अप्पा खेकसले.

"मग बोलवा."

बघण्याच्या दिवशी पाहुण्यांनी मुलीच्या डाव्या अंगाला येतील त्या खुर्च्या आधी धरल्या. संगमेशला उजवीकडची उरली. डावा गाल उजव्यासारखाच निघाला. मुलाच्या आत्याबाईंची फार निराशा झाली.

मुलाला काही विचारायचं असेल तर विचारू दे, असं ठरलं. त्यानं घसा साफ केला.

"ऑफिसातलं ते कॅलेंडर काढू का आता?"

"तारखा काढा," विद्याश्री म्हणाली. "बाई ऱ्हाऊ दे."