शेडमधलं ऊन

वेल्डरचे केस दर महिन्याला घरी बायकोच कापायची. अर्धं डोकं झालं, टॉवेल नीट खोचायला ती पुढे आली आणि तिचा हात थांबला. गळ्याखालचा तीळ इतकी वर्षं फिकट तपकिरी होता, तो काळाकुट्ट झाला होता. कडाही पसरल्यासारख्या वाटत होत्या.

तिळाला काय धाड भरलीय, म्हणाला तो. पण बायकोपुढे कुणाचं चाललंय! अर्धवट कापलेल्या केसांनिशी तिने त्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं.

बाईंनी भिंगातून पाहिलं, उन्हात फार फिरता का विचारलं. अख्खा जन्म शेडमध्ये गेला, ऊन म्हणून लागत नाही, हे त्याने वर ऐटीत सांगितलं. बाई गंभीर झाल्या. ऊन नसताना काळा पडलाय, मग काढून तपासायला पाठवू, म्हणाल्या. दोन दिवस सुट्टी मिळेल ना, काम काय करता, असं बाईंनी सहज विचारलं.

"वेल्डिंग."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, मग ऊन तुमच्या हातातच आहे की!"

वेल्डिंगच्या लखलखत्या उजेडातही उन्हासारखेच अतिनील किरण असतात, त्यांनी तीळ काळवंडतात, झाकला की बहुतेक वेळा रंग उतरतो, असं त्यांनी समजावलं. हा पठ्ठ्या तोंडाला मास्क लावायचा, पण उकडतं म्हणून गळा सताड उघडा! महिनाभर झाकायचा, नाही उतरला तर कापायचा, असं ठरलं.

बायकोने जुन्या पिशवीचं चामडं कापून गळपट्टा शिवला. शेडमध्ये सगळे त्याला टायवाले साहेब म्हणायला लागले, तरी त्याने तो काढला नाही. घरात मात्र तिळाचं नाव कुणी काढत नव्हतं.

महिन्याने बाईंनी पुन्हा भिंग लावलं, पहिल्या वेळी काढून ठेवलेल्या फोटोशी ताडून पाहिलं. रंग उतरला होता, कडा साफ होत्या. कापायचं काही कारण नाही, फक्त गळा झाकत जा आणि सहा महिन्यांनी दाखवून जा, म्हणाल्या.

जिन्यात बायको मटकन खाली बसली. "महिनाभर माझ्या डोळ्याला डोळा नव्हता हो."

तोही शेजारी बसला. "ठाऊक आहे. मी तरी कुठे झोपलो होतो?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू झोपेचं सोंग इतकं छान घेत होतीस. म्हटलं, कशाला मोडा."

तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली आणि मग तिथेच डोकं टेकलं. जिन्याने येणारेजाणारे बाजूने जात राहिले.